बाल पुरस्कार आजोबांना आणि युवा पुरस्कार मोठ्यांच्या पुस्तकाला, हे कसं काय?

चवथीला म्हापशाला मावसबहिणीकडे गेले होते. तिने सातवीतल्या लेकीला एक कादंबरी आणलेली, साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालेली, म्हणजे टीनेजर्सचीच असणार असा तिचा सरळ हिशोब. पोरीने पाच-सहा पानं वाचली आणि म्हणाली, मम्मी हे तुझं पुस्तक आहे. बरोबर बोलली पोर!

घोळ सगळा नावात आहे. बाल साहित्य पुरस्कारातलं 'बाल' वाचणाऱ्याचं आणि युवा पुरस्कारातलं 'युवा' लिहिणाऱ्याचं. युवाला त्या वर्षीच्या 1 जानेवारीला लेखक 35 किंवा त्याहून लहान पाहिजे, बस्स, मग पुस्तक कविता असो, समीक्षा असो, कोणासाठी का असेना. बालला उलट, लेखकाचं वय कोणी विचारत नाही, पुस्तक मुलांचं पाहिजे, साधारण 9 ते 16 वयाच्या.

2018 चंच मराठीचं बघा ना. युवा मिळाला नवनाथ गोरेंच्या 'फेसाटी'ला, जत भागातल्या दुष्काळातलं शिक्षण, शेती, गरिबी, अजिबात बालवाचन नव्हे. आणि बाल मिळाला रत्नाकर मतकरींना, वय 79! तोही एका पुस्तकाला नाही, बालसाहित्यातल्या एकूण कामाला. माणूस 1978 पर्यंत वीसेक वर्षं बँकेत नोकरी करत होता आणि त्यातच 1962 पासून मुलांची नाटकं उभी करत होता, 'निम्मा शिम्मा राक्षस' काय, 'अलबत्या गलबत्या' काय, ती चेटकीण तर आजची पोरंपण ओळखतात. शिवाय मोठ्यांना घाबरवायला गूढकथा वेगळ्याच (त्या मी रात्री वाचत नाही). 2020 मध्ये कोरोनाने गेले.

मधल्या वयाचं, म्हणजे आपण कुमार किंवा किशोर साहित्य म्हणतो ते, त्याला वेगळा पुरस्कारच नाही, ते बालमध्येच धरतात. पंधरा वर्षांच्या पोराला 'बाल' लिहिलेलं पुस्तक देऊन बघा, तोंड वाकडं करणार, पण त्याचं पुस्तक तिकडेच सापडतं.

पैसे दोन्हीकडे सारखेच, 50,000 आणि ताम्रपत्र. बाल 2010 ला सुरू झाला, युवा 2011 ला. आणि आपल्याकडे अजून एक गोंधळ असतो, गोव्याचा लेखक म्हणजे कोंकणीच्या यादीत असणार. तसं नाही, 24 भाषांचे वेगवेगळे पुरस्कार, पुस्तक ज्या भाषेत त्या भाषेत धरतात, त्यामुळे फोंड्यात बसून मराठीत लिहिणाऱ्याची चुरस पुण्या-मुंबईवाल्यांशी.

हे सगळं मावसबहिणीला समजावल्यावर ती म्हणते, मग तूच लिही गो काहीतरी, युवा मिळेल. म्हटलं बाये, मला 37 पूर्ण झाली, आता मिळालाच तर बाल.