फ्रोझनचा निर्णय आणि नंतरची स्लाइड

एखाद्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे असे आपण म्हणतो, तसे मुरलेल्या पॅथॉलॉजिस्टची, म्हणजे ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करणाऱ्या डॉक्टरची, ‘नजर तयार आहे’ असे म्हटले जाते, आणि हजारो स्लाइड पाहिल्या की ती नजर आपोआप येते, असा समज निवासी डॉक्टरांतही आढळतो. २०१५ साली ‘प्लॉस वन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कबुतरांना स्तनाच्या ऊतींची सूक्ष्मदर्शकातली चित्रे दाखवली गेली, कर्करोग आहे की नाही, हे चोच मारून बरोबर ओळखले तरच दाणा मिळे. सुमारे १५ दिवसांत त्यांचे ८५ टक्के निर्णय बरोबर येऊ लागले. चित्रे पाहण्याइतकेच महत्त्वाचे होते ते प्रत्येक उत्तराचा निकाल तिथल्या तिथे कळणे.

निवासी डॉक्टरला हा दाणा क्वचितच मिळतो, कारण रिपोर्ट गेला की रुग्ण नजरेआड होतो. अमेरिकेत निवासी प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या एसीजीएमई या संस्थेने १९९९ मध्ये ठरवलेल्या सहा क्षमतांपैकी एक आहे स्वतःच्या कामाची तपासणी करून त्यातून शिकण्याची. हे कागदी वाटते. फ्रोझन सेक्शनमध्ये मात्र ते प्रत्यक्ष दिसते.

यात रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतानाच ऊतीचा तुकडा क्रायोस्टॅट या गोठवून काप काढणाऱ्या यंत्रात उणे २० अंशांच्या आसपास गोठवून त्याचे सुमारे ५ मायक्रोमीटर जाडीचे काप काढतात, रंगवतात आणि साधारण २० मिनिटांत सर्जनला उत्तर देतात. गोठताना पाण्याचे स्फटिक होऊन ऊतीत भोके पडतात, त्यामुळे चित्र ओबडधोबड असते. उरलेला तुकडा फॉर्मॅलिनमधून मेणाच्या ब्लॉकमध्ये जातो आणि त्याची सुबक स्लाइड नंतर हाती येते.

समजा, सेंटिनेल लसिकाग्रंथी, म्हणजे स्तनातील गाठीतून सुटलेल्या पेशी जिथे सर्वप्रथम पोहोचतात ती, फ्रोझनवर स्वच्छ सांगितली गेली आणि मेणाच्या स्लाइडमध्ये १ मिलिमीटरचा कर्करोगाचा पुंजका निघाला. आता फ्रोझनची जुनी स्लाइड पुन्हा पाहायची. तिच्यात पुंजका नसेलच, तर चूक नजरेची नसून कापण्याची आहे, आणि ग्रंथीच्या २ मिलिमीटरच्या चकत्या नीट पाडल्या होत्या का, हे विचारावे लागते. पुंजका तिथेच, वेष्टणालगतच्या पोकळीत असेल, तर चूक वाचनाची आहे; लोब्युलर या स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारातल्या सुट्या पेशी लिम्फोसाइटच्या, म्हणजे ग्रंथीत एरवीही असणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, गर्दीत सहज मिसळून जातात. दोन्ही चुकांवर उपाय वेगळे आहेत, म्हणून ‘अधिक लक्ष द्या’ या वरिष्ठांच्या उपदेशाने काहीच साधत नाही. (एआय हे सगळे सोडवील असे छातीठोक सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की जो पुंजका कापात आलाच नाही तो सॉफ्टवेअरलाही दिसत नाही.)

अडचण अशी, की उत्तर कळल्यावर जुन्या स्लाइडमध्येही तेच ठळक दिसू लागते आणि ‘मला शंका होतीच’ असे मनापासून वाटते. म्हणून वरिष्ठांनी स्लाइड पाहण्याआधीच निदान आणि त्याची खात्री टक्क्यांत लिहून ठेवावी. ‘९० टक्के खात्री’ लिहिलेल्या २० निदानांपैकी ६ चुकली, तर केवळ निदाने चुकली असे नाही, खात्रीचे मापही चुकले आहे.

आपल्याकडच्या एमडी पॅथॉलॉजीच्या ज्या लॉगबुका मी पाहिल्या, त्यांत तारीख, केस क्रमांक आणि सही यांना रकाने होते, ‘आधी काय वाटले’ याला नव्हता. एका विद्यार्थिनीने तो समासात पेन्सिलने आखला होता. पहिलीच नोंद होती : ‘लिम्फोसाइट म्हणाले. खात्री ९० टक्के. निघाले लोब्युलर.’