सहाशे मिलिलिटरचं जेवण

जपानमध्ये जेवणाचा डबा, म्हणजे तिथला 'बेन्तो', घ्यायला गेलं की त्याच्या तळाशी किंवा वेष्टनावर एक आकडा छापलेला दिसतो: ३६०, ५००, ६००, ९००. हे मिलिलिटर. पाण्याच्या बाटलीवर असा आकडा असला तर कुणाला काही वाटत नाही, पण भात-भाजीच्या डब्यावर तो वाचून पहिल्यांदा हसू येतं. भात काय लिटरने मोजायचा? खरं तर आपल्याला हसायचा अधिकार नाही. चिपटं, मापटं, शेर, पायली ही सगळी आकारमानाचीच मापं, आणि आपल्या दोन-तीन पिढ्या मागचे लोक धान्य त्यांनीच मोजत होते.

जपानी डब्यावरच्या त्या आकड्याचा उपयोग मात्र वेगळा आहे. मियुकी अदाची या जपानी आहारतज्ज्ञांनी '३:१:२ डबा पद्धत' मांडली. डब्यातली निम्मी जागा भाताची. एक षष्ठांश जागा मुख्य पदार्थाची, म्हणजे मासा, अंडं, मांस किंवा तोफूसारखा सोयाबीनचा पदार्थ. उरलेली एक तृतीयांश भाज्यांची. डबा हलवला तरी आतलं काही सरकू नये, इतका तो गच्च भरायचा. तळलेला किंवा भरपूर तेलाचा पदार्थ एकच ठेवायचा. आणि शेवटची अट अशी, की डबा उघडल्यावर खावासा वाटला पाहिजे. एवढं पाळलं, तर डबा जितक्या मिलिलिटरचा, साधारण तितक्या किलोकॅलरी त्यात मावतात. ६०० मिलिलिटरचा डबा, ६०० किलोकॅलरींचं जेवण. (बोलताना आपण ज्याला नुसतं 'कॅलरी' म्हणतो, ती ही किलोकॅलरीच.)

ही जादू वाटते, पण साधा हिशेब करून बघता येतो. जपानी चिकट भात दाबून भरला, तर एका मिलिलिटरमध्ये सव्वा किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा बसते. मासा किंवा अंड्याचा पदार्थ असेल तर पावणेदोन-दोन. उकडलेल्या किंवा थोडक्या तेलात परतलेल्या भाज्यांमध्ये मात्र जेमतेम पाव ते अर्धी, कारण भाजी म्हणजे बहुतांशी पाणी आणि तंतू. आता भाताचे तीन भाग, माशाचा एक, भाज्यांचे दोन अशी सरासरी काढली, की उत्तर एकाच्या जवळ येतं. म्हणून मिलिलिटर आणि किलोकॅलरी जोडीने चालतात.

हाच हिशेब उलटा करून बघितला की नियमातली खरी मेख कळते. भाज्या काढून टाका, त्यांची जागा आणखी थोड्या भाताला आणि 'काराआगे'ला द्या. काराआगे म्हणजे पिठात घोळवून तळलेले कोंबडीचे तुकडे, जपानी डब्यातले सगळ्यांचे लाडके. डबा तोच, ६०० मिलिलिटरचा, पण आतली ऊर्जा ९०० किलोकॅलरींकडे सरकते. म्हणजे 'छोटा डबा घ्या आणि बारीक व्हा' हा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो अर्धवट आहे. डब्याच्या भिंती फक्त बाहेरची मर्यादा घालतात. आतली मर्यादा घालतो तो भाज्यांचा एक तृतीयांश.

तरीही बाहेरच्या मर्यादेला कमी लेखू नये. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना वेगवेगळ्या दिवशी चीज घातलेली मॅकरोनी दिली: कधी ५०० ग्रॅम, कधी ६२५, कधी ७५०, कधी १,००० ग्रॅम. हवं तेवढं खा, उरलं तर राहू दे, असा मामला. सगळ्यात मोठं वाढप समोर आलं त्या दिवशी लोकांनी सगळ्यात लहान वाढपाच्या दिवसापेक्षा ३० टक्के जास्त ऊर्जा पोटात घातली. वाढपं लहानमोठी होती, हे नंतर विचारल्यावर निम्म्यांहून कमी लोकांनी सांगितलं. पुढे २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा ७२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, आणि निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला: समोर जास्त असलं की जास्त खाल्लं जातं.

ताट लहान घेतलं की आपोआप कमी जेवलं जातं, हा त्याच जातीचा एक लोकप्रिय दावा. त्याच्या बाबतीत मात्र सावध राहावं. त्याचे पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि या क्षेत्रातल्या एका गाजलेल्या अमेरिकन संशोधकाचे कितीतरी निबंध २०१७-१८ च्या सुमारास नियतकालिकांनी मागे घेतले. लहान ताटात दुसऱ्यांदा वाढून घेता येतं, ही साधी गोष्ट आहेच. डब्यात ती सोय नाही. दुपारी ऑफिसात किंवा शाळेत बसून डबा संपवला की संपला, पातेलं घरी राहिलेलं असतं. किती खायचं हा निर्णय सकाळी, पोट शांत असताना झालेला असतो. भुकेला मतदानाचा हक्कच मिळत नाही. मला विचाराल तर बेन्तोचं सगळ्यात मोठं बळ हे आहे, आणि ते कुठल्याही डब्यात असू शकतं.

जपानी लोकांचं 'हारा हाचिबु' हल्ली आपल्याकडेही पुष्कळ ऐकू येतं: पोट दहापैकी आठ भाग भरलं की थांबा. सल्ला उत्तम, पण आठव्या भागाची रेघ पोटावर कुठे आखलेली असते? जठर ताणलं गेल्याचा निरोप आणि आतड्यातून सुटणाऱ्या संप्रेरकांचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि भरभर जेवणारा माणूस तोवर नवव्या-दहाव्या भागावर गेलेला असतो. डब्याचा काठ दिसतो तरी.

बेन्तोत एक उलटी गंमतही आहे. त्याची ख्याती आहे विविधतेची: पिवळ्या अंड्याची गुंडाळी, हिरवी ब्रोकोली, लाल टोमॅटो, काळे तीळ, पांढरा भात. पण विविधतेने माणूस जास्त खातो. एकच चव खाता खाता कंटाळा येतो, नवी चव आली की भूक पुन्हा जागी होते. रोल्स यांच्याच १९८१ च्या प्रयोगात, चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचं मिळालेल्या लोकांनी एकाच सारणाची मिळालेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं. लग्नाच्या बुफेत आपलं नेमकं हेच होतं. बेन्तोत ही ओढ फुकट जात नाही, कारण मोठ्या भागात रंग भरतात त्या भाज्याच, आणि एकूण माप आधीच ठरलेलं असतं. विविधता आणि कुंपण दोन्ही एकत्र असली तरच ते जमतं.

इतकं कौतुक करून झाल्यावर हेही सांगायला हवं, की बेन्तो म्हणजे पथ्याचं जेवण नव्हे. त्याच्या इतिहासात तब्येतीचा विचार फारसा नाही. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, नाटकाच्या दोन अंकांच्या मध्ये, पडदा पडलेला असताना खायचा तो 'माकुनोउची' बेन्तो. रेल्वे आली तसा स्टेशनवर विकला जाणारा 'एकीबेन' आला; १८८५ साली उत्सुनोमिया स्टेशनवर भाताच्या गोळ्यांनी त्याची सुरुवात झाली, असं सांगतात. आणि 'हिनोमारू' बेन्तो म्हणजे तर पांढऱ्या भाताच्या मधोमध एक लाल उमेबोशी, म्हणजे मिठात मुरवलेलं आंबट फळ, बस्स. जपानी झेंडाच जणू. १९३९ नंतर युद्धकाळात काटकसर म्हणून सरकारने त्याचा पुरस्कार केला. ३:१:२ च्या मोजपट्टीवर हा डबा सपशेल नापास होईल. (उमेबोशीतल्या आम्लाने ॲल्युमिनियमच्या झाकणाला भोकं पडायची, हे जुने जपानी लोक अजून हसत सांगतात.)

मीठ हा बेन्तोचा खरा दुबळा भाग. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमची, जपानी माणसाचं सरासरी खाणं १० ग्रॅमच्या आसपास. जुन्या पद्धतीच्या एका मोठ्या उमेबोशीतच सुमारे २ ग्रॅम मीठ असतं. त्यात सोया सॉस आलं, मुरवलेला मुळा आला, खारवलेला मासा आला. कारण उघड आहे. भाताबरोबर जे काही खायचं त्याला जपानीत 'ओकाझु' म्हणतात, आणि त्याला आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे: तोंडीलावणं. फिक्या भाताला रेटून नेणारं तोंडीलावणं खारट असणारच. शिवाय डबा गार खायचा, आणि गार अन्नाची चव जिभेला फिकी लागते, म्हणून सकाळी हात आणखी सढळ होतो.

गार भाताची दुसरी बाजू चांगली आहे. शिजलेला भात थंड होताना त्यातल्या स्टार्चचे काही रेणू पुन्हा घट्ट रचनेत बसतात आणि लहान आतड्यात पचत नाहीत. इंडोनेशियात २०१५ मध्ये झालेल्या मोजणीत ताज्या भातात असा स्टार्च १०० ग्रॅमला ०.६४ ग्रॅम होता, एक दिवस फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम. रक्तातली साखरही त्या भाताने कमी चढली. म्हणून कुणी 'गार भाताने कॅलरी निम्म्या होतात' असं सांगू लागलं, तर १०० ग्रॅममागे एका ग्रॅमचा हा फरक त्याला दाखवावा.

आणि भात सावकाश गार होऊ देणं धोक्याचंही आहे. 'बॅसिलस सेरियस' या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते रुजतात. म्हणून जपानी घरांत भात आणि पदार्थ पंख्याने वारा घालून लवकर थंड करतात, भाज्यांचं पाणी निथळतात आणि मगच झाकण लावतात; वाफ कोंडली तर आत पाणी साठतं. उमेबोशीने डबा टिकतो हा समज अर्धाच खरा. तिचा परिणाम ती जिथे टेकते तेवढ्याच भातावर होतो.

आता आपला स्टीलचा डबा. त्यात पाणी ओतून त्याचं माप काढता येईल, पण मिलिलिटर म्हणजे किलोकॅलरी हे समीकरण त्याला लावू नका. ते भातासाठी बेतलेलं आहे. भातात जवळजवळ दोन तृतीयांश पाणी असतं, पोळीत ते त्याच्या निम्मंच, म्हणून तेवढ्याच वजनाच्या पोळीत भाताच्या सुमारे दुप्पट ऊर्जा. शिवाय पोळ्यांची घडी चपटी बसते. तीन पोळ्या ज्या पुडात मावतात, त्यात चौथीही सहज सरकते आणि डब्याला पत्ता लागत नाही. पोळ्या आपल्या मोजूनच घालाव्या लागतील. भाजीचं पूड मात्र काठोकाठ भरायला हरकत नाही, तेलाचा तवंग सोडून.