गालामागची पोकळी आणि एक तिरकी रेघ

डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या मागच्या कोनापर्यंत बोटाने एक तिरकी रेघ ओढून पाहा. ओंग्रेन या स्वीडिश डॉक्टरांनी १९३३ साली ही रेघ सुचवली. गालामागच्या सायनसमधली कर्करोगाची गाठ रेघेच्या खाली-पुढे असेल, तर रुग्ण बरा होण्याची आशा जास्त. वर-मागे असेल तर कमी, कारण तिथून डोळा आणि कवटीचा तळ हाकेच्या अंतरावर. आज सीटी आणि एमआरआयमध्ये गाठ नेमकी दिसते, तरी या रेघेमागचा हिशोब बदललेला नाही.

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्या. रिकामी जागा असल्याने गाठ बराच काळ बिनबोभाट वाढते. मग नाक चोंदतं, रक्त येतं, गाल बधिर होतो. पण बहुधा एकाच बाजूला. कधी वरची दाढ उगाच हलू लागते किंवा नीट बसणारी कवळी अचानक बसेनाशी होते, आणि रुग्ण आधी दातांच्या डॉक्टरांकडे जातो. हा कर्करोग दुर्मीळ आहे, त्यामुळे प्रत्येक सर्दीला घाबरायचं कारण नाही. एकाच बाजूचा त्रास हटत नसेल, तर मात्र दुर्बिणीने नाक तपासून घ्यावं.

शक्य असेल तिथे आधी शस्त्रक्रिया करतात. काही गाठी नाकातूनच, दुर्बिणीने काढता येतात. काहींसाठी वरचा जबडा आणि टाळूचा भाग काढावा लागतो. मग तोंड आणि नाक एक होतं. प्यायलेलं पाणी नाकातून येतं, बोलणं गेंगाणं होतं. त्यावर कवळीसारखं एक झाकण बसवतात, त्याला ऑब्च्युरेटर म्हणतात. ते बसवलं की घोट पुन्हा घशाखाली उतरतो आणि शब्द कळू लागतात. काहींना पायाचं हाड लावून जबडा नव्याने घडवतात.

गाठ पुढच्या टप्प्यातली असेल तर त्यानंतर साधारण सहा आठवडे किरणोपचार. डोळ्याची नस वाचवत किरणांचा नेम धरायचा, हे इथलं खरं कौशल्य. गरजेनुसार सोबत सिस्प्लॅटिनसारखं केमोथेरपीचं औषध देतात.

सगळे टप्पे एकत्र धरले तर पाच वर्षांनंतर साधारण निम्मे रुग्ण हयात असतात. लवकर सापडलेल्यांचं प्रमाण यापेक्षा बरंच चांगलं, पण बहुतेक गाठी उशिराच सापडतात. हा रोग दूर पसरण्यापेक्षा आहे तिथेच पुन्हा उगवण्याची भीती मोठी. म्हणून उपचार संपल्यावरही, पहिली दोन-तीन वर्षं तर थोड्या थोड्या महिन्यांनी, डॉक्टर त्याच पोकळीत दुर्बीण घालून पाहत राहतात.