पितळेचा सॅक्सोफोन ब्रास बँडमध्ये का नसतो

इंग्लंडमध्ये नोव्हेंबर उजाडला की गावोगावच्या हौशी बँडच्या ख्रिसमस कार्यक्रमांची पत्रकं लागतात आणि इथल्या मराठी घरांत जुनाच गोंधळ पुन्हा सुरू होतो. 'शनिवारी ब्रास बँड ऐकायला चाललोय' म्हणतात, तो निघतो विंड बँड. मुलगी क्लॅरिनेट शिकतेय म्हणून मोठ्या उत्साहाने ज्या बँडकडे चौकशी करतात, तो असतो ब्रास बँड, आणि तिथे क्लॅरिनेटला जागाच नसते. पत्रकं करणारेही यात मागे नाहीत. ब्रास बँडच्या पत्रकावर सॅक्सोफोनचं चित्र दिसलं की मला मनापासून राग येतो, कारण त्या बँडमध्ये नसलेलं नेमकं वाद्य शोधून त्यांनी ते छापलेलं असतं.

ब्रास बँड तुम्ही पाहिलेला आहे. डिसेंबरच्या थंडीत बाजाराच्या चौकात रंगीत जाकिटं घालून कॅरल वाजवणारी, सगळी वाद्यं चकचकीत असलेली मंडळी, तो ब्रास बँड. उत्तर इंग्लंडच्या गिरण्यांनी आणि कोळशाच्या खाणींनी तो वाढवला. यॉर्कशरमधल्या क्वीन्सबरीच्या गिरणीचा ब्लॅक डाइक बँड १८५५चा, ग्राइमथॉर्पच्या खाणीचा १९१७चा. त्याबद्दल इथे आणखी सांगत नाही.

विंड बँड म्हणजे फुंकून वाजवायची जवळजवळ सगळी वाद्यं एकत्र: बासरीच्या कुळातली फ्लूट आणि पिकोलो, क्लॅरिनेटची मोठी रांग, ओबो, बॅसून, सॅक्सोफोन, आणि त्यांच्या मागे ट्रम्पेट, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा. शिवाय तालवाद्यं. व्हायोलिन नाहीत, म्हणून त्याला ऑर्केस्ट्रा म्हणू नये, एवढं त्या फरकाबद्दल पुरे.

आता मूळ घोटाळा. लोकांना वाटतं की वाद्य पितळेचं असलं की ते ब्रास आणि लाकडाचं असलं की वुडविंड. तसं नाही. आवाज कशाच्या थरथरण्यातून निघतो, त्यावर वाद्याचं कूळ ठरतं. हे समजायला इंग्लंडला यायचीही गरज नाही, आपल्याकडे दोन्ही कुळं देवळात आणि मिरवणुकीत आहेत. तुतारी फुंकणारा ओठ आवळून मुखाशी धरतो आणि थरथरतात ते त्याचे ओठ. नळी फक्त त्या थरथरीला आकार आणि जोर देते. शंखाचंही तेच. शंखात धातूचा कणही नाही, तरी तो तुतारीच्या, म्हणजे ट्रम्पेटच्या कुळातला. सनईत ओठ नाही, पत्ती थरथरते. सनईच्या टोकाचा कर्णा धातूचा असतो, म्हणून कुणी सनईला तुतारीच्या रांगेत बसवत नाही. बासरीत ओठही नाही, पत्तीही नाही. फुंकर छिद्राच्या कडेवर फुटते आणि आतली हवा थरथरते.

हेच तिकडे लावा. ट्रम्पेट, कॉर्नेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा यांच्या मुखाशी वाटीसारखा माउथपीस असतो आणि आवाज वादकाच्या ओठांचा असतो. ट्रॉम्बोनला सरकती नळी असते, बाकीच्यांना तीन-चारच व्हॉल्व्ह असतात, कारण एकाच लांबीच्या नळीतून ओठांचा ताण बदलून वादक अनेक स्वर काढतो. बिगुलाला तर एकही व्हॉल्व्ह नसतो. व्हॉल्व्ह दाबला की नळीची लांबी वाढते आणि मधले राहिलेले स्वर मिळतात. क्लॅरिनेटमध्ये वेताची एक पातळ पत्ती थरथरते, ओबोत आणि बॅसूनमध्ये सनईसारख्या दोन. इथे स्वर बदलतो तो नळीवरची छिद्रं उघडून-मिटून. सॅक्सोफोनच्या तोंडाशी पाहा: क्लॅरिनेटसारखीच एक पत्ती, आणि अंगभर छिद्रं झाकणाऱ्या चाव्या. अंग पितळेचं, पण आवाज पत्तीचा. म्हणून तो वुडविंड. हल्लीची फ्लूट धातूची असते, तिच्यात पत्ती नाही, पण ओठही थरथरत नाहीत, म्हणून तीही वुडविंड.

याच मुद्द्याला पक्कं करणारी एक गोष्ट इतिहासात आहे. सॅक्सोफोनचं पेटंट १८४६ साली अॅडॉल्फ सॅक्सने घेतलं. याच माणसाने त्याच दशकात सॅक्सहॉर्न नावाची ओठांनी वाजवायची वाद्यं बनवली, आणि ब्रास बँडमधले आजचे टेनर हॉर्न आणि बॅरिटोन त्यांचेच वंशज. म्हणजे एकाच कारागिराची, एकाच धातूची दोन अपत्यं. एकाला ब्रास बँडने घरात घेतलं, दुसऱ्याला नाही. धातूवरून ठरत असतं तर असं झालं नसतं.

या एका फरकातून बाकीचं सगळं आपोआप येतं. ब्रास बँडमध्ये सगळे आवाज ओठांचे, त्यातही बहुतेक नळ्या हळूहळू रुंदावत जाणाऱ्या, म्हणून नाद एकजीव, गोल आणि ऊबदार. ट्रम्पेटसुद्धा तिथे नसतो, त्याच्या जागी मऊ बोलणारा कॉर्नेट असतो. विंड बँडमध्ये मात्र ओबोचा अणकुचीदार सूर, खालच्या सप्तकातल्या क्लॅरिनेटचा काळसर सूर आणि ट्रॉम्बोनची गर्जना एकाच पानावर येतात. मी स्वतः विंड बँडमध्ये बास क्लॅरिनेट वाजवते आणि माझी पसंती उघड आहे: मला रंगांची ही गर्दी हवी असते. ब्रास बँडची शिस्त मात्र मी मान खाली घालून मान्य करते. स्पर्धांच्या परंपरेमुळे तिथे पितळी वाद्यांचे २५ वादक ठरलेले असतात, प्रत्येकाची खुर्ची नेमलेली. विंड बँडमध्ये आकडा पक्का नसतो. गावच्या बँडमध्ये एखाद्या वर्षी फ्लूट डझनभर आणि बॅसून एकही नाही, असंही चालतं.

मुलांना बँडमध्ये घालणाऱ्यांनी एवढं बघावं. फ्लूट, क्लॅरिनेट, ओबो, सॅक्सोफोन असेल तर विंड बँडच. ट्रॉम्बोन किंवा युफोनियम असेल तर दोन्ही दारं उघडी. ट्रम्पेट असेल तर ब्रास बँडवाले हातात कॉर्नेट देतील, आणि ते जमतं. फ्रेंच हॉर्नवाल्या मुलांचे हाल होतात: ब्रास बँडमध्ये तो नाहीच, आणि टेनर हॉर्न नावाने जवळचा वाटला तरी त्याची बोटं आणि माउथपीस दोन्ही वेगळे. आधी विचारा, मग पैसे भरा.

डिसेंबरात चौकात नेहमी ब्रास बँडच का दिसतो, त्याचंही कारण वाद्यांतच आहे. थंडीतलं लाकूड आतून गरम श्वास मिळाला की तडकू शकतं, त्यामुळे महागडा ओबो किंवा क्लॅरिनेट घेऊन कुणी बाहेर उभं राहत नाही. विंड बँडचा ख्रिसमसचा कार्यक्रम चर्चमध्ये नाहीतर शाळेच्या सभागृहात शोधा. उन्हाळ्यात बागेतल्या बँडस्टँडवर दोघेही येतात.

'हे आपल्या वरातीतल्या ब्रास बँडसारखंच ना?' हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि तो चुकीचा नाही. वरातीच्या बँडमध्ये ट्रम्पेट आणि युफोनियमच्या बरोबरीने क्लॅरिनेट असतो, बऱ्याचदा सॅक्सोफोनही. ब्रिटिश पलटणींच्या बँडवरून ही पद्धत आपल्याकडे आली, आणि पलटणीच्या बँडमध्ये पत्तीची वाद्यं असतच. म्हणजे घडणीने आपला वरातीचा बँड विंड बँडचा नातेवाईक आहे, यॉर्कशरच्या खाणीतल्या बँडचा नव्हे. बेंजो पार्टीला मात्र कृपा करून यात ओढू नका.

दोन्ही बँड कानाने ओळखायचे असतील तर गुस्टाव होल्स्ट धरा. ऋग्वेदातल्या सूक्तांना संगीत देण्यासाठी संस्कृत शिकलेला, सावित्रीच्या कथेवर छोटा ऑपेरा लिहिणारा हा इंग्रज संगीतकार तरुणपणी ट्रॉम्बोन वाजवून पोट भरायचा, आणि त्याने दोन्हींसाठी लिहिलं. 'ए मूरसाइड स्वीट' (स्वीट म्हणजे अनेक भागांची रचना) १९२८च्या ब्रास बँड स्पर्धेसाठी. 'फर्स्ट स्वीट इन ई फ्लॅट' १९०९ सालची, मिलिटरी बँडसाठी, म्हणजे आजच्या भाषेत विंड बँडसाठी. हौशी विंड बँड ती अजूनही आवडीने वाजवतात. तिचा शेवटचा भाग मार्च, म्हणजे संचलनाच्या तालाचा आहे. तो सुरू होतो पितळी वाद्यांनी, ठसठशीत. मग ती थांबतात आणि पत्तीची वाद्यं एक लांब, शांत चाल घेतात. पुढे दोन्ही चाली एकमेकींवर चढतात आणि एकाच वेळी वाजतात. येत्या कार्यक्रमाच्या पत्रकावर हे नाव दिसलं तर जरूर जा, आणि शक्य असेल तर अगदी पुढे न बसता मधल्या रांगेत बसा, कारण पुढे बसलात तर फ्लूट आणि क्लॅरिनेटच ऐकू येतील.