किरकोळ जखमेवरील प्रथमोपचार : झोंबणाऱ्या औषधांकडून नळाच्या पाण्याकडे

खरचटलेली किंवा किंचित कापलेली जागा वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुवावी, रक्त थांबेपर्यंत स्वच्छ कापडाने दाबून धरावी आणि पट्टीने झाकावी, एवढाच सल्ला आज बहुतेक ठिकाणी दिला जातो. ज्यांचे बालपण टिंक्चर आयोडीन आणि 'लाल औषधा'च्या बाटलीजवळ गेले, त्यांना तो अपुरा वाटणे स्वाभाविक आहे.

त्या बाटल्यांचे मूळ ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांच्या कामात आहे. १८६५ मध्ये ग्लासगो येथे गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या एका मुलाच्या उघड्या जखमेवर त्यांनी जंतुनाशक कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली आणि जखम न चिघळता पाय वाचला. अशा अस्थिभंगात रुग्ण दगावणे किंवा पाय कापावा लागणे ही तेव्हा नेहमीची गोष्ट असल्याने हे यश मोठेच होते. परंतु जंतुनाशकाची ही कल्पना पुढे गुडघ्यावरच्या ओरखड्यालाही तितक्याच गांभीर्याने लागू झाली. लाल औषध, म्हणजे मर्क्युरोक्रोम, हे पाऱ्याचे संयुग. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ मध्ये त्याला सुरक्षित व परिणामकारक मानण्यास नकार दिला, तोवर त्याच्या वापराला सुमारे ८० वर्षे होत आली होती.

शंका मात्र फार आधी उपस्थित झाली होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील बुलोन येथे सैनिकांच्या जखमा तपासताना जंतुशास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्लेमिंग यांना दिसले की, खोल जखमेच्या कपारींतील जंतूंपर्यंत जंतुनाशक पोहोचतच नाही, उलट त्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी त्याने मरतात. त्यांच्या या निष्कर्षाने प्रचलित उपचार लगेच बदलले नाहीत. औषध झोंबले म्हणजे ते काम करते, ही समजूत बहुधा पुराव्यापेक्षा चिवट असावी.

दुसरा धक्का खपलीच्या प्रतिष्ठेला बसला. जखम उघडी ठेवून वाळू द्यावी, असे मानले जात असताना जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवरील उथळ जखमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पॉलिथिनच्या पातळ आवरणाखाली ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या साधारण दुप्पट वेगाने पसरली. कोरड्या खपलीखाली नव्या पेशींना वाळलेल्या थराच्या तळातून वाट काढावी लागते.

आपल्याकडे हळदीचा उल्लेख टाळता येत नाही. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले, तेव्हा रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हा निर्णय उपयोग नवा नसल्याचा होता; स्वयंपाकघरातील पूड निर्जंतुक असल्याचे प्रमाणपत्र त्यातून मिळत नाही, हे अभिमानाच्या भरात अनेकदा विसरले जाते.

केवळ धुण्या-झाकण्यावर भागत नाही, अशाही जखमा आहेत. धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात असतात आणि प्राणवायू नसलेल्या जागी वाढतात, म्हणून खिळा किंवा काटा खोलवर रुतला असल्यास जखम वरून लहान दिसली तरी लसीची चौकशी करावी लागते. कुत्र्याच्या चाव्यावर साबण व वाहते पाणी किमान १५ मिनिटे वापरण्यास सांगतात, कारण साबणाने रेबीजच्या विषाणूचे स्निग्ध आवरण फुटते. त्यानंतरही प्रतिबंधक लस त्याच दिवशी सुरू करावी लागते.