प्रतिकृती रेल्वे इंजिनांची दुरुस्ती व रूपांतर

विजेवर चालणारी जुनी, मोडकी किंवा स्वस्तात मिळालेली प्रतिकृती रेल्वे इंजिने पुन्हा चालती करणे, तसेच त्यांचे भाग वापरून मूळ उत्पादकाने कधीच न काढलेली इंजिने घडवणे, ही प्रतिकृती रेल्वेच्या छंदातील एक जुनी शाखा आहे. ब्रिटनमध्ये ती विशेष रुजली. ही नोंद मुख्यतः तिथल्या ‘ओओ’ प्रमाणातील इंजिनांविषयी आहे.

या प्रमाणात एका फुटाला ४ मिमी (१:७६.२) धरतात, रुळांतील अंतर मात्र १६.५ मिमी असते. हे अंतर मुळात १:८७ या ‘एचओ’ प्रमाणाचे. ब्रिटिश इंजिने अंगाने लहान असल्यामुळे १:८७ च्या बॉडीत त्या काळच्या मोटरी मावत नव्हत्या. तेव्हा बॉडी मोठी केली आणि रूळ तेच ठेवले. खरे तर ब्रिटनच्या खऱ्या रेल्वेच्या १,४३५ मिमीच्या मार्गाला या प्रमाणात १८.८३ मिमी हवेत, आणि काटेकोर कारागीर तेवढ्यासाठी इंजिनाची सगळी चाके बदलतात.

लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३८ मध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ ही मालिका आणली. १९५० च्या दशकात ‘ट्राय-अँग’ची प्लॅस्टिकची स्वस्त इंजिने घरोघरी गेली. ट्राय-अँगच्या मालक लाइन्स ब्रदर्सने १९६४ मध्ये मेकॅनोही विकत घेतली. माळ्यावरच्या खोक्यांतून आज निघणारी बरीच इंजिने याच घराण्यातली असतात.

ट्राय-अँगच्या अनेक इंजिनांत ‘एक्स०४’ ही तीन ध्रुवांची उघडी मोटर असते. सगळे भाग डोळ्यांसमोर असल्याने शिकणाऱ्यासाठी तिच्यासारखी मोटर नाही. ‘जळाली’ म्हणून टाकून दिलेली मोटर पुष्कळदा नुसती माखलेली असते. कम्युटेटरच्या (मोटरीच्या आसावरच्या, फिरत्या वेटोळ्यांना वीज पोचवणाऱ्या कड्याच्या) तीन तुकड्यांमधल्या फटींत, त्याला टेकून वीज देणाऱ्या ब्रशांच्या कार्बनची भुकटी साचून आतल्या आत शॉर्ट होते. दातकोरण्याने फटी मोकळ्या कराव्यात आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पृष्ठभाग पुसावा. वर्षानुवर्षे वाळून खडे झालेले ग्रीस गियरमधून खरवडून काढावे लागते. त्यानंतर प्रत्येक बेअरिंगला शिलाई मशिनच्या तेलाचा एकच थेंब द्यावा. जादा तेल कम्युटेटरवर उडते आणि केलेली सफाई वाया जाते.

या मोटरीचा लोहचुंबक अल्निको या मिश्रधातूचा असतो. सफाईच्या उत्साहात तो चौकटीतून सुटा केला की त्याचे चुंबकत्व घटते. परत बसवल्यावर मोटर मोकळी असताना जोरात फिरते, डबे जोडताच दम टाकते, जास्त प्रवाह ओढते आणि तापते. म्हणून नेहमीच्या सफाईत चुंबकाला हात लावू नये. तो आधीच दुबळा झाला असेल, तर त्याच्या जागी निओडिमियमचे छोटे चुंबक बसवतात. मरगळलेल्या इंजिनाला त्याने पुन्हा जोर येतो.

वाफेच्या इंजिनांत आणखी एक मेख आहे. एका बाजूच्या क्रँक (चाकांवरच्या, जोडदांडे अडकवायच्या खुंट्या) दुसऱ्या बाजूच्या क्रँकशी ९० अंशांच्या कोनात असाव्या लागतात, आणि तो कोन प्रत्येक आसावर तंतोतंत सारखा हवा. एक चाक जरी किंचित फिरले तरी जोडदांडे अडतात आणि इंजिन प्रत्येक फेऱ्यात आचका देते. हा दोष मोटरीचा समजून मोटर बदलणारे पुष्कळ.

एका रोगावर मात्र इलाज नाही. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली असेल, तर तो आतून झिजतो, फुगतो आणि भेगाळतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या प्रतिकृतींत हे वारंवार दिसते. असा सांगाडा (चाके आणि मोटर धरणारी खालची चौकट) डिंकाने जोडण्यात अर्थ नाही. चाके, मोटर काढून ठेवावी.

रूपांतराचा रूढ मार्ग म्हणजे चालत्या सांगाड्यावर वेगळी बॉडी चढवणे. ट्राय-अँगच्या ०-६-० (पुढे-मागे आधारचाके नसलेल्या, सहा चालत्या चाकांच्या) ‘जिंटी’ इंजिनाच्या सांगाड्यावर बसतील अशा शिशा-कथलाच्या बॉड्या ‘विल्स’ या कंपनीने संचरूपात विकल्या. त्या जोडायला सुमारे ७० अंश सेल्सिअसला वितळणारे सोल्डर लागते. नेहमीच्या सोल्डरने बॉडीच वितळते. इटलीच्या ‘लिमा’च्या इंजिनांतील चपट्या मोटरीच्या जागी सीडी प्लेअरमधली मोटर बसवण्याची युक्तीही लोकप्रिय आहे. ती कमी व्होल्टेजची असल्याने तिला पूर्ण १२ व्होल्ट देता येत नाहीत. जुन्या चाकांच्या खोल कडा बारीक रुळांच्या खिळ्यांवर आपटतात, त्यामुळे चाकेही बदलावी लागतात.

डिजिटल नियंत्रणासाठी (डीसीसी) मोटरीचे दोन्ही ब्रश सांगाड्यापासून विद्युतदृष्ट्या अलग असलेच पाहिजेत. एक्स०४ मध्ये दोन्ही ब्रशांना दाबणारी स्प्रिंग एकच असते आणि तिच्या एका बाजूलाच रोधक नळी असते. दुसऱ्या बाजूलाही तशी नळी न चढवता डीकोडर (रुळांतून येणारे डिजिटल आदेश वाचून मोटर चालवणारी इंजिनातली चकती) जोडला, तर तो पहिल्याच प्रवाहाला निकामी होऊ शकतो.

रंगकामाबाबत एवढेच, की मूळ रंग आणि अक्षरे शाबूत असलेले दुर्मिळ इंजिन रंगवू नये. रूपांतरासाठी मोडकी, बिनखोक्याची आणि भरपूर संख्येने निघालेली इंजिनेच घ्यावीत.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले प्रतिकृती रेल्वेचे संग्रहालय आहे. चालत्या प्रतिकृती प्रत्यक्ष पाहायला मराठी वाचकाला ते जवळचे ठिकाण. भारतीय इंजिने घडवू पाहणाऱ्यापुढे अडचण ब्रिटिशांहून मोठी आहे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमीचा, म्हणजे १:८७ ला सुमारे १९.३ मिमी आणि १:७६.२ ला २२ मिमी. बाजारातले आयते सांगाडे १६.५ मिमीचेच असतात, त्यामुळे रुंद भारतीय बॉडीखाली चाके आत ओढल्यासारखी दिसतात.