टायमिंग काढणं आणि टायमात पोचणं

डिस्नेच्या शर्यतीसाठी फ्लोरिडाला चाललेय असं मी सांगितलं, तेव्हा आमच्या सकाळच्या गटातल्या निवृत्त सुभेदारांनी एकच विचारलं, "ती जत्रा आहे की शर्यत, ते आधी ठरवा." बेळगावात टिळकवाडीच्या तिसऱ्या रेल्वे गेटापाशी आम्ही घाम पुसत उभे होतो. सुभेदारांची सगळी नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत गेली, त्यामुळे पळणं आणि घड्याळ या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. मी म्हटलं, "दोन्ही आहे की." भाची तिकडेच राहते, तिनं आमच्या दोघींचीही शुक्रवारची दहा किलोमीटर आणि शनिवारची हाफ मॅरेथॉन अशा दोन शर्यतींची नोंदणी केली होती. दोन्हीकडे टायमिंगही काढायचं आणि मिकीबरोबर फोटोही काढायचा, असं माझ्या मनात पक्कं होतं.

आपल्याकडे "टायमात पळाली" या शब्दांचे दोन अर्थ होतात. एक, स्वतःसाठी ठरवलेली वेळ गाठली. दुसरा, शर्यत बंद व्हायच्या आत पोचली. बेळगावच्या रस्त्यावर या दोन अर्थांत फारसा फरक पडत नाही, कारण वाटेत थांबायचं काही कारणच नसतं. पळायला लागलं की पोचेपर्यंत पळायचं. थीम पार्कात मात्र हे दोन अर्थ पूर्ण वेगळे होतात, आणि नवखे पळणारे तिथेच फसतात. टायमिंग काढणं हे तुमचं स्वतःचं लक्ष्य असतं, ते नाही गाठलं तर कुणी विचारत नाही. टायमात पोचणं ही आयोजकांची अट असते, ती मोडली तर बसमध्ये बसवून शेवटच्या रेषेकडे आणून सोडतात.

ही शर्यत कशी असते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं गणित समजेल. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड मॅरेथॉन १९९४ पासून जानेवारीत होते. आता तिच्याबरोबर चार दिवसांत चार अंतरं असतात : पाच किलोमीटर, दहा किलोमीटर, हाफ आणि फुल. चारही पळणाऱ्यासाठी 'डोपी चॅलेंज' आहे, ते २०१४ पासून सुरू झालं. चारही अंतरं मिळून ४८.६ मैल भरतात, म्हणजे ७८ किलोमीटरच्या वर. शर्यत पहाटे पाचच्या सुमारास काळोखात सुरू होते. (तिथले पाच म्हणजे बेळगावातले दुपारचे साडेतीन. नुकत्याच पोचलेल्या आपल्या माणसाला पहाटे उठण्याचा त्रास होत नाही, झोप येते ती दुपारी.) वाटेत ठिकठिकाणी गूफी, डोनाल्ड, राजकन्या, खलनायक उभे असतात. शेजारी फोटोग्राफर असतो आणि त्याच्यापुढे रांग. ती रांग पळणाऱ्यांचीच असते.

आणि या सगळ्यात, पळणाऱ्याची वेळ मोजायला त्याच्या अंगावर जी चिप असते, तिचं घड्याळ थांबत नाही. तुम्ही सुरुवातीच्या पट्टीवरून गेलात की ते चालू होतं आणि शेवटच्या पट्टीवरच बंद होतं. रांगेत सात मिनिटं उभं राहिलात तर ती सात मिनिटं तुमच्या वेळेत जमा. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि पहाटे साडेपाच वाजता गार वाऱ्यात सोळा माणसांच्या मागे उभं राहून मनगटावर सेकंद पळताना बघणं वेगळं.

दहा किलोमीटरला बेळगावात माझं सगळ्यात चांगलं टायमिंग ६२ मिनिटं होतं. फ्लोरिडाचा रस्ता सपाट, तेव्हा साठच्या आत येईन असं मी धरून चालले होते. शुक्रवारी पहिले तीन किलोमीटर ठरल्याप्रमाणे गेले. मग एक रांग दिसली, पुढे फार माणसं नव्हती, म्हणून थांबले. लहान दिसलेल्या रांगेनं सात मिनिटं खाल्ली. ती भरून काढायला मी पुढे सुसाट सुटले, डावीकडून उजवीकडे, माणसांच्या मधून वाट काढत. असं वाकडंतिकडं पळताना अंतरही वाढतं, आणि सात मिनिटं उभं राहून आखडलेल्या पोटऱ्यांना एकदम वेग दिला की त्या लगेच तक्रार करतात. एकसारख्या वेगानं जेवढी ताकद लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद अशा थांबा-पळा-थांबामध्ये जाते. एपकॉट या डिस्नेच्या पार्कातलं तळं, त्याच्याभोवती वेगवेगळ्या देशांचे मंडप, त्यांच्यावरचे दिवे, यातलं मला जवळजवळ काही आठवत नाही. ७१ मिनिटांत पोचले. टायमिंग गेलंच. आणि जो फोटो काढला त्यात माझी नजर मनगटाकडे आहे.

त्या दिवशी संध्याकाळी भाचीनं मला वहीत गणित मांडून दाखवलं. हा लेख खरं तर त्या वहीसाठीच लिहितेय.

तिथली अट आहे मैलाला १६ मिनिटं, म्हणजे किलोमीटरला जवळपास दहा. या वेगानं हाफला साडेतीन तास लागतात, फुलला साधारण सात. शेवटच्या माणसाच्या मागून, त्याच वेगानं, पाठीला फुगे बांधलेल्या काही बायका चालत येतात. त्यांना सगळे 'बलून लेडीज' म्हणतात. त्या पुढे निघून गेल्या की तुमची शर्यत धोक्यात आली असं समजायचं. आता समजा तुम्ही किलोमीटरला आठ मिनिटं पळू शकता. हाफ मॅरेथॉन २१.१ किलोमीटर, म्हणजे पावणेतीन तासांच्या थोडं वर. साडेतीन तासांतून ते वजा केलं की चाळीस मिनिटं उरतात. ही तुमची फोटोंची शिल्लक. तुमचा वेग नऊचा असेल तर उरतात वीस मिनिटं. साडेनऊचा असेल तर दहा, म्हणजे एखादा फोटो आणि एकदा स्वच्छतागृह.

पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हे उलटंच वाटलं होतं. आम्हाला वाटायचं, मजेत पळायचं म्हणजे सरावात ढिलाई चालते. पण ज्याचा सराव ढिला, त्याच्याकडे शिल्लकच नसते. तो मिकीसमोरून मान खाली घालून जातो, कारण मागून फुगे येत असतात. मजा करायची असेल तर अटीपेक्षा बराच जास्त वेग अंगात हवा, आणि तो कमवायचा इथेच, महिनोनमहिने.

शिल्लक वाढवायचा आणखी एक मार्ग आहे. त्या फुगेवाल्या बायका सर्वांत शेवटी निघतात, आणि पळणाऱ्यांना गटागटानं सोडतात. पुढच्या गटात जागा मिळाली आणि तुमच्या सुरुवातीत आणि त्यांच्या सुरुवातीत अर्धा तास अंतर पडलं, तर तो अर्धा तासही तुमचा. शिवाय पुढे गेलेल्यांना रांगाही लहान मिळतात. गट ठरतो तो आधीच्या एखाद्या शर्यतीच्या निकालावरून, आणि तो नोंदणीबरोबर द्यावा लागतो. म्हणजे इथे कुठेतरी एकदा जीव तोडून टायमिंग काढायचं, आणि तिथे त्या टायमिंगवर मजा करायची. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण एकमेकींच्या उपयोगी पडतात, फक्त एकाच दिवशी नाही. निकालासाठी शर्यत निवडताना मात्र रस्ता बघून घ्यावा. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन मला फार आवडते, पण तिचा पहिला अर्धा भाग घाट चढण्यात जातो. तिथला आकडा तुमची खरी ताकद कमी दाखवतो. सपाट रस्त्यावरची शर्यत या कामासाठी बरी.

मग थीम पार्कात टायमिंग काढूच नये का? काढता येतं, आणि काढणारे असतात. ब्राझीलचा आद्रियानो बास्तोस ही डिस्नेची मॅरेथॉन आठ वेळा जिंकला आहे, तेव्हा ही नुसती जत्रा आहे असं सुभेदारांनाही म्हणता येणार नाही. ज्याला टायमिंग काढायचंय त्यानं पुढच्या गटात उभं राहावं, एकाही रांगेकडे बघू नये, आणि पार्कात शिरताना अरुंद होणारा रस्ता मनात धरून ठेवावा. पण माझं मत विचाराल तर वर्षाचं मोठं लक्ष्य या शर्यतीवर टांगू नये. फ्लोरिडाचा जानेवारी बेभरवशाचा, एका वर्षी हातमोजे घालायला लावणारा, दुसऱ्या वर्षी दमट. ७ जानेवारी २०१७ ची हाफ तर विजांच्या भीतीनं रद्दच करावी लागली होती. टायमिंगसाठी मुंबई मॅरेथॉन आहे, आपल्या आसपासच्या शर्यती आहेत, तिथे विमानाचं एवढं भाडंही नाही. सिंड्रेलाच्या किल्ल्यातून पळत जायला मात्र तिथेच जावं लागतं.

शनिवारी आम्ही दोघींनी टायमिंगचा विचार सोडला आणि टायमात पोचायचं तेवढं धरलं. पळा-चाला-पळा असं ठरवलं. ही पद्धत जेफ गॅलोवे यांची, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर पळालेले अमेरिकन धावपटू. डिस्नेच्या शर्यतींसाठी सरावाची वेळापत्रकं त्यांनीच बनवली. दोन मिनिटं पळायचं, अर्धा मिनिट चालायचं, अगदी पहिल्या किलोमीटरपासून. दमल्यावर चालायला लागणं हे वेगळं, त्यानं मन खचतं. आधीच ठरवून चाललेल्या चालण्यानं खचत नाही. आणि रांगेतून निघाल्यावर पुन्हा पळायला लागणंही सोपं जातं, कारण अंगाला थांबून सुटायची सवय झालेली असते.

आम्ही चार ठिकाणी थांबलो. दर खेपेला भाची मोबाइलवर लिहून ठेवायची : सहा मिनिटं, चार, नऊ, सात. सव्वीस मिनिटं खर्च, शिल्लक अजून बाकी. नऊ मिनिटांच्या रांगेत मागे एक पेन्सिल्व्हेनियाची बाई होती, तिच्या गळ्यात शुक्रवारचं पदक होतं, माझ्याही होतं. आम्ही एकमेकींचे गुडघे आणि सुना याबद्दल बोललो. शुक्रवारच्या रांगेत मी कुणाशी एक शब्द बोलले नव्हते.

आणि मग मॅजिक किंगडम, डिस्नेचं किल्ल्याचं पार्क. मेन स्ट्रीटवर दोन्ही बाजूंना माणसं, अजून पुरतं उजाडलेलं नाही, समोर सिंड्रेलाचा किल्ला निळ्या उजेडात. मी पळता पळता थांबलेच. रांगही नव्हती, फोटोही नव्हता, नुसती उभी. भाची पुढे गेली होती, ती मागे वळून ओरडली, "काय करूलालीस तिथं? ये की!" बेळगावच्या बोलीतली ती हाक त्या गर्दीत ऐकली आणि डोळ्यांत पाणी आलं. तीन तास पंधरा मिनिटांनी आम्ही शेवटची रेषा ओलांडली. बेळगावातल्या माझ्या हाफच्या वेळेपेक्षा हा आकडा जवळपास तासानं जास्त आहे. मी तो घरी चौकटीत लावलाय.

ज्यांना एकाच सहलीत दोन्ही करायचंय, त्यांना मी एवढंच सांगेन की दिवस वाटून घ्या. घरच्यांबरोबर पाच किलोमीटर मजेत, आणि एक शर्यत टायमिंगसाठी, पण कुठली कशासाठी ते बेळगावातून निघायच्या आधी ठरवा. सुरुवातीच्या रेषेवर ठरवायला गेलं की माझ्या शुक्रवारसारखं होतं. चारही दिवस पळणाऱ्यानं टायमिंगचा नाद सोडलेलाच बरा, निदान पहिल्या वर्षी.

इथल्या सरावात आम्ही आता एक बदल केलाय. गटातली आणखी दोघं पुढच्या वर्षी जायचं म्हणताहेत, म्हणून. रविवारी वडगावातून येळ्ळूरच्या रस्त्याला लागतो, दोन्ही बाजूंना भात कापून झालेली शिवारं, पुढे राजहंसगड. दर चार किलोमीटरनं मुद्दाम पाच मिनिटं उभं राहायचं, बसायचं नाही, आणि मग आधीच्याच वेगानं निघायचं. पहिले दोन रविवार सगळ्यांच्या पोटऱ्या दुखल्या. तिसऱ्या रविवारपासून जमायला लागलं. घड्याळ सुभेदारांच्या हातात असतं. परवा चौथ्या थांब्याला आम्ही गडाकडे बघत गप्पांत रमलो होतो, तर त्यांनी शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "मिकी झाला. चला."